खानदेशातील घरांच्या खिडक्या आणि हिवाळ्याचे ऊन

खानदेश म्हटला की वाचकांच्या मनासमोर प्रथम उन्हाळा उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्याही वर जातो. परंतु याच तापीच्या खोऱ्यात पौषातील रात्री तापमान 10 अंशांखाली उतरते, केळीची वाढ खुंटते आणि बागाईतदार बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. केळीसाठी जी काळजी घेतली जाते, ती घरातील वृद्धांसाठी व लहान मुलांसाठी घर बांधताना क्वचितच घेतली जाते. उन्हाळ्यात ऊन अडवील आणि हिवाळ्यात तेच ऊन आत घेईल, अशी खिडकी या प्रदेशात शक्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्नाचे मूळ सूर्याच्या भ्रमणमार्गात आहे. जळगाव व धुळे ही दोन्ही ठिकाणे स्थूलमानाने 21 उत्तर अक्षांशावर आहेत. मध्यान्हीच्या सूर्याचा उन्नतांश म्हणजे 90 मधून अक्षांश वजा करून त्यात सूर्याची क्रांती मिळविली असता येणारी संख्या होय. त्यानुसार 22 डिसेंबरच्या सुमारास हा उन्नतांश सुमारे 45.5 अंश येतो, तर संपातदिनी 69 अंश. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य माथ्यावर येतो, आणि तेथून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ज्या भिंतीवर हिवाळ्यात सर्वाधिक ऊन पडते, त्याच दक्षिण भिंतीवर ऐन उन्हाळ्यात मध्यान्ही थेट ऊन पडत नाही. निसर्गाने केलेली ही सोय आहे. तिचा उपयोग करून घेणे एवढेच आपले काम.

समजा, दक्षिणेकडील खिडकीची उंची 120 सें. मी. असून तिच्या माथ्यालगत 45 सें. मी. पुढे आलेला छज्जा आहे. मध्यान्ही छज्जाची सावली किती खाली उतरते, हे छज्जाच्या लांबीला उन्नतांशाच्या स्पर्शज्येने गुणले असता कळते. संपातदिनी ही सावली 117 सें. मी. भरते, खिडकी जवळजवळ पूर्णपणे झाकली जाते. 22 डिसेंबरला ती केवळ 46 सें. मी. भरते, आणि खालचा 74 सें. मी. भाग उन्हात राहतो. त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता (सूर्यघटिकेप्रमाणे) सावली आणखी आखूड, सुमारे 35 सें. मी. असते. येथे छज्जाची लांबी भिंतीच्या बाहेरील पृष्ठापासून नव्हे, तर काचेच्या पातळीपासून मोजावयाची आहे, हे विसरू नये. तसेच तिरप्या उन्हासाठी छज्जा खिडकीच्या दोन्ही अंगांस थोडा अधिक वाढविणे आवश्यक असते.

या खिडकीची रुंदीही 120 सें. मी. धरली आणि निरभ्र आकाशात थेट उन्हाची तीव्रता दर चौ. मी. ला 850 वॅट मानली, तर डिसेंबरात मध्यान्ही काचेतून सुमारे 440 वॅट उष्णता आत येते. खिडकीचा तळ जमिनीपासून 90 सें. मी. वर असल्यास कवडसा खोलीत सुमारे 160 सें. मी. पर्यंत पोचतो.

परंतु आलेली उष्णता रात्रीपर्यंत टिकली पाहिजे. काच सूर्याची लघुतरंगी प्रारणे आत सोडते व तापलेल्या वस्तूंची दीर्घतरंगी प्रारणे अडविते. तथापि वहनाने तीच काच रात्री उष्णता गमावतेही. म्हणून कवडसा फरशी किंवा जाड भिंतीवर पडावा, सतरंजीवर नव्हे. आणि सूर्यास्तानंतर खिडकीची लाकडी दारे मिटावीत. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती हे साठवणुकीचे काम करीत. 30 ते 45 सें. मी. जाडीच्या भिंतीतून उष्णतेची लाट पलीकडे जाण्यास 8 ते 12 तास लागतात. मात्र त्या घरांच्या खिडक्या लहान असल्याने हिवाळ्याचे ऊन आत फारसे येत नसे. फ्रान्समधील ओदेयो येथे 1967 साली फेलिक्स त्रोंब यांनी काचेमागे काळी जाड भिंत उभारून घर उबविले. तो उपाय 42 अक्षांशावरचा आहे. दोन महिन्यांच्या थंडीसाठी आपण तो जसाच्या तसा उचलला, तर उरलेले दहा महिने त्याचा जाच सोसावा लागेल.

पूर्व व पश्चिम दिशांस वरील हिशेब लागू पडत नाही. जूनमध्ये दुपारी चार वाजता सूर्य केवळ 35 अंश वर असतो. पश्चिमेच्या तितक्याच खिडकीवर 45 सें. मी. चा छज्जा जेमतेम 32 सें. मी. सावली देतो. तेथे उभ्या झडपा, बांबूची चीक किंवा झाड हेच उपाय होत. आणि खिडकी लहान ठेवणे हा त्यांहूनही श्रेयस्कर. उत्तर भिंतीलाही जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊन लागते, कारण त्या वेळी सूर्य पूर्वबिंदूच्या सुमारे 25 अंश उत्तरेस उगवतो.

स्थिर छज्जाची एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. त्याला सूर्य कळतो, ऋतू कळत नाही. 15 ऑक्टोबर व 26 फेब्रुवारी या दिवशी सूर्याची क्रांती जवळपास सारखीच असते. दोन्ही दिवशी मध्यान्ही खिडकीचा सुमारे 40 सें. मी. भाग उन्हात राहतो. ऑक्टोबरातील उकाड्यात हे ऊन नको असते. म्हणून छज्जाच्या जोडीला उघडमीट करता येईल असा पडदा हवाच.

2018 च्या इको निवास संहितेने थंड प्रदेश वगळता इतरत्र निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौ. मी. ला 15 वॅट ही मर्यादा घातली. तिचा रोख उन्हाळ्याकडे आहे, आणि खानदेशापुरता तो योग्यच होय. वर दाखविलेली दक्षिणेची सावलीतील खिडकी या मर्यादेस विरोधी नसून तिला पूरक आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या घराची एक दक्षिण खिडकी निवडावी, महिन्यातून एकदा मध्यान्ही छज्जाची सावली मोजावी आणि ती गणिताशी ताडून पाहावी. घर बांधून झाल्यावर दिशा बदलता येत नाही. म्हणून हे गणित पाया आखण्यापूर्वीच करणे इष्ट.