पाठटाचण मुलापासून सुरू व्हावे

मार्कंड्याला वैनगंगा दिशा बदलून उत्तरेकडे वाहते. आमच्या शाळांतील पाठटाचणालाही असेच उलटे वळण हवे, असे आम्हाला वाटते.

डी.एड.ला शिकविलेले टाचण हर्बार्टच्या पायऱ्यांवर बेतलेले असते: प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, गृहपाठ. यात शिक्षक काय करणार ते कळते. मुलाला काय येणार, ते मागे पडते. विगिन्स आणि मॅकटाय यांनी 1998 साली उलटा क्रम मांडला. आधी ठरवा, पाठानंतर मुलाला काय करता आले पाहिजे. मग ते आले हे कशावरून ओळखायचे. कृती शेवटी. 'ॲडी' आराखड्याची पहिली पायरीही विश्लेषणाचीच: मूल कोण, त्याची घरची भाषा गोंडी, माडिया, बंगाली की मराठी?

गुणाकाराचा पाठ घ्या. तेंदूपत्त्याच्या पुडक्यात 70 पाने. मजुरी शेकडा पुडक्यांवर. ध्येय: मुलाने घरची मजुरी काढावी. तपासणी: समजा पुडकी 350, दर शेकडा 400 रुपये, तर किती? उत्तर 1400. कृती: पानांची पुडकी बांधून मोजणे, आधी घरच्या भाषेत, मग मराठीत.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. समाजबांधवांनी बैठकीत एवढेच विचारावे: या महिन्यात आमच्या मुलाला काय येणार, आणि ते आम्हाला कसे कळणार? आईच्या मजुरीतली चूक मुलाने पकडली, तर पाठ झाला. वही भरल्याने नाही.