दोन निबंध आणि एक पत्र

किरणोत्सर्गाचा इतिहास वाचताना मला पहिल्यापासून तळटीपांतल्या माणसांचीच ओढ लागली. मेरी क्युरीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रदरफर्ड आणि सॉडी यांनी माँट्रियलमध्ये मूलद्रव्यांचं रूपांतर सिद्ध केलं, हेही वाचलेलं असतं. पण त्याच माँट्रियलमधून, सॉडीबरोबरचं ते गाजलेलं काम प्रसिद्ध होण्याआधी, १९०१ मध्ये रेडियममधून निघणाऱ्या एका नव्या वायूवर निबंध आला. त्यावर रदरफर्डच्या जोडीनं हॅरिएट ब्रुक्स हे नाव आहे. या बाईच्या मागे मी लागलो तो तिच्या प्रयोगांसाठी. पण मला जास्त गुंतवून ठेवलं ते १९०६ मधल्या एका पत्रव्यवहारानं.

हॅरिएटचा जन्म १८७६ चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एक्सेटर गावचा. वडील पिठाच्या कंपनीचे फिरते विक्रेते, घरात भावंडं पुष्कळ. शिष्यवृत्त्यांच्या बळावर ती माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८९८ मध्ये पदवीधर झाली. त्याच वर्षी रदरफर्ड तिथे प्राध्यापक म्हणून आला आणि हॅरिएट त्याची कॅनडातली पहिली संशोधक विद्यार्थिनी ठरली. १९०१ मध्ये तिला एम.ए. मिळालं.

त्या वर्षीचा प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. थोरियम आणि रेडियममधून काहीतरी बाहेर पडतं आणि ते स्वतःही किरणोत्सर्गी असतं, हे कळलं होतं. पण ते आहे काय? वायू, मूळ पदार्थाची वाफ की नुसते बारीक कण? पदार्थ इतका सूक्ष्म की वजन करणं अशक्य. म्हणून पितळेची एक लांब नळी घेतली, मध्ये सरकती झडप बसवली. एका अर्ध्या भागात या पदार्थाचा अंश मिसळलेली हवा, दुसऱ्या भागात साधी हवा. झडप उघडायची, ठरावीक वेळानं लावायची आणि पलीकडे किती अंश पोचला हे त्यानं हवेत निर्माण केलेल्या विद्युतभारावरून मोजायचं. जड वायू सावकाश पसरतो, हलका भराभर. या हिशेबानं रेणुभार ४० ते १०० च्या दरम्यान आला. आज आपण या वायूला रेडॉन म्हणतो आणि त्याचा अणुभार २२२ आहे. म्हणजे आकडा चुकला. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला: हा खराखुरा जड वायू आहे, रेडियमची वाफ नाही. एका मूलद्रव्यातून वेगळाच पदार्थ निघतो, या विचाराला त्यातून पाया मिळाला. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत रेडॉनच्या शोधाचं श्रेय एकट्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डॉर्नला दिलेलं असतं. ते मला अन्यायाचं वाटतं.

पुढची दोन-तीन वर्षं धावपळीची. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेज, तिथून शिष्यवृत्तीवर केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा, मग परत मॅकगिल. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन स्वतःच्या कामात बुडालेला असे. तिथून तिनं रदरफर्डला कळवलं होतं की आपण फार धडपडत, चुका करत काम करतो आहोत. स्वतःबद्दलचा हा अविश्वास तिच्या पत्रांत वारंवार भेटतो. तिच्या निबंधांत त्याचा मागमूस नाही.

१९०४ मध्ये 'नेचर'मध्ये तिचा एक छोटा निबंध आला. रेडियमच्या वायूत ठेवून किरणोत्सर्गी झालेला धातूचा पत्रा मोजणीच्या भांड्यात ठेवायचा. नंतर तो काढून घेतला, तरी भांड्याच्या भिंती किंचित किरणोत्सर्गी झालेल्या आढळत. पत्र्यावरचा एखादा पदार्थ वाफ होऊन उडत असावा, असं तिनं मांडलं. खरं कारण वेगळं होतं. बंदूक झाडली की दस्ता खांद्यावर आदळतो, तसा अल्फा कण सुटला की उरलेला अणू उलट दिशेला फेकला जातो आणि पत्र्यावरून उडून भिंतीला चिकटतो. १९०९ मध्ये बर्लिनला हान आणि माइटनर यांनी, तर मँचेस्टरला रस आणि माकोवर यांनी या प्रतिक्षेपाचा नीट अभ्यास केला. किरणोत्सर्गी साखळीतली मूलद्रव्यं वेगळी करायची ती एक चोख रीत ठरली. अर्थ लावण्यात हॅरिएट चुकली हे मान्य. पण हजारात एखादा अंश भरेल इतकी ती खूण उपकरणातला दोष समजून कोणीही सोडून दिली असती. तिनं ती नोंदवली, छापली. प्रयोगशास्त्रात याहून मोठा गुण मला माहीत नाही.

१९०४ मध्येच ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला गेली. कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेलं हे मुलींचं कॉलेज. १९०६ च्या उन्हाळ्यात कोलंबियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाशी तिचं लग्न ठरलं आणि तिनं ते डीन लॉरा गिल यांना कळवलं. उत्तर आलं की लग्न होईल त्या दिवशी कॉलेजशी असलेला तुमचा संबंध संपला पाहिजे.

जुलैमध्ये हॅरिएटनं लिहिलेलं उत्तर म्हणजेच ते पत्र. त्यात विनवणी नाही. केवळ लग्न केलं म्हणून स्त्रीला व्यवसाय सोडायला लावता येणार नाही, हे दाखवून देणं आपल्या व्यवसायाप्रती आणि स्त्रीजातीप्रती आपलं कर्तव्य आहे, असं ती लिहिते. मुलींना व्यवसायात या म्हणून बोलावणारी कॉलेजंच हे तत्त्व नाकारणार असतील तर ती उभी कशाच्या आधारावर आहेत, असा तिचा सवाल आहे.

विभागप्रमुख मार्गारेट माल्टबी तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. माल्टबींनी स्वतः १८९५ मध्ये गटिंगेनची डॉक्टरेट मिळवलेली. पण गिल बधल्या नाहीत, विश्वस्तांचंही तेच मत आहे म्हणाल्या. त्यांचा युक्तिवाद असा: कॉलेजचं काम जिला दुय्यम वाटेल अशी शिक्षिका आम्हाला परवडणार नाही, आणि स्वखुशीनं पत्करलेला संसार जिला दुय्यम वाटेल, अशा बाईवर कॉलेज पसंतीची मोहोर उमटवणार नाही. म्हणजे कॉलेजला दुय्यम मानलं तरी दोष, घराला मानलं तरी दोष. या अटींतून सुटायला वाटच ठेवलेली नव्हती. विशेष म्हणजे याच कॉलेजच्या पहिल्या डीन एमिली स्मिथ १८९९ मध्ये लग्न करूनही पदावर राहिल्या होत्या. मूल होणार म्हटल्यावर त्यांना जावं लागलं. कॉलेज त्या अनुभवातून पुढे जाण्याऐवजी मागे गेलं, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

हॅरिएटचं ठरलेलं लग्न मोडलं आणि थोड्याच दिवसांत तिनं नोकरीचाही राजीनामा दिला. त्यानंतर ती ॲडिरॉन्डॅक डोंगरांत काही समाजवादी स्नेह्यांच्या घरी गेली. तिथे मॅक्सिम गॉर्की मुक्कामाला होता. सोबतची स्त्री त्याची कायदेशीर पत्नी नाही म्हणून न्यूयॉर्कच्या हॉटेलांनी त्याला बाहेर काढलं होतं. त्या मंडळींबरोबर हॅरिएट इटलीत काप्रीला गेली आणि तिथून पॅरिसला, मेरी क्युरीच्या प्रयोगशाळेत. तिथलं तिचं काम तिच्या नावानं छापलं गेलं नाही. क्युरीचा सहकारी देबिएर्न याच्या निबंधांत त्याचे उल्लेख सापडतात.

१९०७ मध्ये रदरफर्ड मँचेस्टरला निघाला होता. तिथल्या एका शिष्यवृत्तीसाठी त्यानं तिची शिफारस केली. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रातल्या स्त्री भौतिकशास्त्रज्ञांत मेरी क्युरीच्या खालोखाल हीच, असा त्याचा अभिप्राय होता. पण हॅरिएटनं अर्ज मागे घेतला. त्या जुलैत लंडनला तिनं माँट्रियलच्या फ्रँक पिचरशी लग्न केलं आणि भौतिकशास्त्र सोडलं. तीन मुलं झाली, त्यांतली दोन तरुणपणीच गेली. १९३३ मध्ये, ५६ व्या वर्षी, रक्ताच्या विकारानं तिचा मृत्यू झाला. 'नेचर'मध्ये मृत्युलेख लिहिला तो रदरफर्डनं.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे हळहळतात: संसारापायी एक बुद्धी वाया गेली! मला ही हळहळ पटत नाही. मँचेस्टर नाकारण्याचा निर्णय तिचा होता आणि तो तिचाच मानला पाहिजे. पण घर किंवा प्रयोगशाळा, दोन्हींतलं एकच, ही अट तिनं घातलेली नव्हती. ती अट चुकीची आहे असं तिनं वर्षभरापूर्वीच लेखी सांगितलं होतं, आणि सांगितलं होतं तेही स्त्रियांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेला. विज्ञानाच्या इतिहासात तिचे दोन निबंध आता हळूहळू जागा मिळवत आहेत. त्यांच्या शेजारी ते पत्रही शिकवलं जावं. मेरी क्युरीच्या खालोखाल मानल्या गेलेल्या या संशोधक स्त्रीचं काम सहा-सात वर्षांत का थांबलं, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी गिल यांच्या उत्तरात शोधायला हवं.