न्यायमूर्ती जॉर्ज विथ

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचे सभासद, 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे नामांकित वकील आणि टॉमस जेफरसनसारख्या शिष्याचे गुरू असलेले जॉर्ज विथ यांनी 1782 साली न्यायासनावरून बजावले की, विधिमंडळाने राज्यघटनेची मर्यादा ओलांडू पाहिल्यास न्यायालय त्यास अटकाव करील. आणि हेच त्यांचे सर्वांत धैर्याचे कृत्य होय, असे मला वाटते. 1806 मध्ये त्यांचा विषप्रयोगाने अंत झाला. वारशाच्या लोभाने बहिणीच्या नातवानेच सोमल घातल्याचा संशय घेऊन त्यांनी मृत्युशय्येवर मृत्युपत्र बदलले व त्यास बेदखल केले. तथापि खुनाच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला, आणि विथ यांनी दास्यमुक्त केलेली कृष्णवर्णीय स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स हिची साक्ष गोऱ्या आरोपीविरुद्ध घेण्यास व्हर्जिनियाच्याच कायद्याची सक्त मनाई होती.