छोट्या विमानांच्या इंजिनांचें खाद्य

मुठींत मावणारें इंजिन, सुपारीहून लहान दट्ट्या आणि मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे! प्रतिकृति-विमानाच्या या इंजिनाला मोटारीसारखा तेलाचा निराळा कोठा नसतो. जें मिश्रण जळून शक्ति देतें, त्यानेंच घासणाऱ्या भागांना वंगणहि पुरवावयाचें असतें. म्हणून इंधन निवडतांना ‘जोर किती’ हें विचारण्याआधीं ‘तेल किती’ हें विचारावें लागतें. पुष्कळ हौशी मंडळी हा क्रम उलटा करतात आणि इंजिन गमावून बसतात.

पूर्वीं हीं इंजिनें पेट्रोल व जाड खनिज तेल यांवर चालत. ठिणगीसाठीं बॅटरी आणि कॉइल यांचें ओझें विमानालाच वाहावें लागे. १९४७ सालीं अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं ग्लो प्लग पुढें आणला आणि तें ओझें उतरलें. या प्लगमध्यें प्लॅटिनमयुक्त बारीक तार असते. आरंभीं बॅटरीनें ती लाल करतात. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरी काढली तरी ती तांबडीच राहते. ज्वलनाची उष्णता तिला मिळतेच. शिवाय मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमच्या स्पर्शानें पेटती राहते. हा गुण मेथॅनॉलचा. तो पेट्रोलपासून अपेक्षूं नये.

मग सोबतीला एरंडेलच कां? खनिज तेल मेथॅनॉलांत विरघळत नाहीं, एरंडेल विरघळतें. आणि अतिशय तापलें तरी धातूवरील त्याचा पातळ थर सहसा तुटत नाहीं. मुलांना नाक दाबून प्यावें लागे, तेंच हें तेल! इंजिनाला मात्र तें मानवतें. त्याचा चिकट लेप बसतो हा दोष खरा, म्हणून कांहीं जण थोडें कृत्रिम तेल मिसळतात.

एक लिटर साध्या मिश्रणास ८०० मिलिलिटर मेथॅनॉल व २०० मिलिलिटर एरंडेल लागतें. नायट्रोमिथेनमध्यें स्वतःचा प्राणवायु असल्यानें तितक्याच हवेंत अधिक इंधन जळतें व जोर वाढतो. तें शेंकडा ५ घालावयाचें तर ५० मिलिलिटर मेथॅनॉल कमी करावें; तेलाला हात लावूं नये.

ज्यांना ‘डिझेल’ म्हणतात त्या छोट्या इंजिनांत ठिणगी नाहीं आणि तारहि नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंतच इंधन पेटतें. त्यांचें साधें मिश्रण ईथर, रॉकेल व एरंडेल समभाग असें असतें. ईथर सहज पेटतें, आणि एरवीं न जुळणारें रॉकेल व एरंडेल यांना एकत्र ठेवण्याचें कामहि तेंच करतें. एका जातीचें इंधन दुसरीच्या टांकींत ओतूं नये.

मेथॅनॉल हें जहाल विष आहे. थोडेंसें पोटांत गेलें तरी दृष्टि जाऊं शकते. यास्तव नळी तोंडानें ओढूं नये आणि पाण्याच्या अगर सरबताच्या बाटलींत तें कधींहि भरूं नये. त्याची ज्योत उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. उघडें राहिल्यास तें हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून डब्याचें बूच घट्ट असावें. ईथरची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत सरकत दूरच्या दिव्यापर्यंत पोंचते. मिश्रण करावयाचें तें उघड्या जागीं, विस्तवापासून लांब.