वय विचारावं, पण उत्तर कौशल्यानं द्यावं

आधी कायदा पाहू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्याला खासगी वाहनाचा परवाना एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा? ती मुदत संपून वर्ष उलटल्यावर. म्हणजे बघा, वेळेवर अर्ज करणाऱ्या ऐंशीच्या माणसाला ती नाही. उशीर केलेल्या तिशीतल्याला आहे!

जपानमध्ये २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्यांनी ठरावीक नियम मोडले, त्यांना नूतनीकरणाआधी गाडी चालवून दाखवावी लागते. आम्हा सत्तरीतल्यांना हे न्याय्य वाटतं. वयामुळे शंका घ्यावी, निर्णय मात्र गाडी चालवताना पाहून द्यावा. रस्त्यावरच्या पोराचाही आपल्यावर हक्क आहेच की.

पण नापास झालेल्याचं काय? आपल्या वाशिम जिल्ह्यात, मानोरा-रिसोडकडच्या खेड्यात दुचाकी म्हणजे दवाखाना, बँक, शेत. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे. पण ती गावात आली तर! परीक्षा मागणाऱ्या समाजानं गाडीची सोयही करायला हवी. नाहीतर परवान्याबरोबर त्याचं स्वातंत्र्यही जातं.