सभेतील रिकामी खुर्ची

गावातले वर्तमानपत्र बंद पडले तर गावाचे काय जाते? मी मराठीचा प्राध्यापक. हा प्रश्न वर्गात टाकला की मुले हमखास सांगतात : शब्दकोडे जाते, सिनेमाच्या जाहिराती जातात, सकाळच्या चहाची गोडी जाते. मग मी त्यांना बेल शहराची हकीकत सांगतो.

बेल हे अमेरिकेत लॉस एंजलिसजवळचे, सुमारे ३६,००० वस्तीचे, कष्टकऱ्यांचे शहर. २०१० साली ‘लॉस एंजलिस टाइम्स’ने उजेडात आणले की, तिथला मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला ७,८७,६३७ डॉलर पगार घेत होता. खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षाचा पगार ४,००,००० डॉलर! पाचांपैकी चार नगरसेवकही अर्धवेळ कामाचे लाखाच्या घरात डॉलर उचलत होते. त्यांच्या मानधनावरचे बंधन सैल करणारे मतदान २००५ साली झाले, तेव्हा चारशे माणसेसुद्धा फिरकली नव्हती. ही लूट भिंत फोडून झाली नाही, कागदोपत्री झाली. पण नगरसभेत नेमाने बसणारा बातमीदारच नव्हता. पुढे २०११ साली मतदारांनी ते नगरसेवक घालवले आणि २०१४ साली रिझोला बारा वर्षांची कैद झाली.

शेजारच्या मोठ्या दैनिकाची नजर वळली म्हणून हे कळले. ज्या गावाला असा शेजारी नाही, त्याने काय करावे? अमेरिकेत २००५ पासून तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. जाहिराती इंटरनेटकडे गेल्या आणि दुकान तोट्यात आले. तोट्याचे दुकान कोण चालवील?

तेव्हा काही जणांनी निराळाच विचार केला. वर्तमानपत्र हे दुकान नव्हेच. ते सार्वजनिक वाचनालयासारखे चालवावे. १८७१ पासूनचे ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ २०१९ साली ना-नफा संस्था झाले. अशा संस्थेने नफा वाटून घ्यायचा नाही आणि निवडणुकीत कोणा उमेदवाराची पाठराखण करायची नाही, असा तिथल्या कायद्याचा दंडक आहे.

मला त्याहून मोलाचे वाटते ते शिकागोचे काम. २०१५ साली तिथे ‘सिटी ब्युरो’ ही ना-नफा संस्था निघाली. ती साध्यासुध्या नागरिकांना शिकवून, चक्क मोबदला देऊन, सरकारी समित्यांच्या सभांना धाडते. त्यांनी बसावे, ऐकावे, टिपून आणावे. ती टिपणे सर्वांना वाचायला खुली. डेट्रॉइट आणि क्लीव्हलँड या शहरांनीही हाच मार्ग धरला. जो माणूस एकदा अशा सभेत बसला, त्याला गटाराचा खर्च कुठून येतो ते कळते. पुढच्या खेपेस तो नुसते ऐकत नाही, उठून विचारतो. वाचकाचा नागरिक होतो, तो असा.

कोणी म्हणेल, देणगीदार आपला सूर लावणार नाही कशावरून? शंका रास्त आहे. एकाच धनिकाच्या थैलीवर चालणारे पत्र त्याच्याविरुद्ध लिहिताना अडखळणारच. उपाय आपल्या गल्लीतल्या गणपतीचाच : वर्गणी पुष्कळांची थोडीथोडी, आणि हिशेब फळ्यावर, नावांसकट. दहा घरांनी चालवलेल्या उत्सवात एकाचा हुकूम चालतो. हजार घरांच्या उत्सवात चालत नाही.

वर्गणीची ही रीत आपल्याला परकी नाही. आपली वाचनालये, व्याख्यानमाला, कितीतरी शाळा तिच्यावरच उभ्या राहिल्या. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, तेही काही पेढी थाटावी म्हणून नव्हे.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे आहे, घरात चार माणसे जमली आहेत. त्यांना एवढेच विचारा : आपल्या प्रभागात गेल्या वर्षी रस्त्यावर किती पैसा खर्च झाला, आणि तो कोणत्या बैठकीत मंजूर झाला? उत्तर कोणालाच आले नाही, तर त्या बैठकीतली एक खुर्ची आपल्यासाठी रिकामी आहे असे समजा.