दारचा कुत्रा का खाजवतो?

कुत्रा रात्रभर जागून खळ्याची राखण करतो. मांजर कणगीजवळचे उंदीर मारते. दोघांना आपण शिळे तुकडे घालतो. दत्तगुरूंच्या तसबिरीत कुत्री देवाच्या पायाशी उभी असतात. आपल्या दारचा कुत्रा मात्र अंग खाजवत उकिरड्यावर पडलेला असतो. "खाजवेना का! कुत्र्याची जातच ती," असे आपण म्हणतो.

हे म्हणणे बरोबर नाही. निरोगी कुत्रा दिवसभर खाजवीत बसत नाही. त्याच्या अंगावर किंवा कातडीत कोणीतरी बिऱ्हाड केलेले असते. हे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू कोण, ते आपण ओळखून घेऊ. कारण त्यांतले काही आपल्या मुलाबाळांकडेही येतात.

गोचीड

गोचीड कानात, मानेवर आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिकटते. मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते. मग ती आपोआप गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तेथे अंडी घालते. एकेक मादी हजारावर अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याच्या गोचिड्या वेचून भागत नाही. भिंतीच्या फटी लिंपून बुजवाव्यात. कुत्र्याची बसायची जागा रोज झाडावी.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरावी आणि सरळ वर ओढावी. नखाने चिरडू नये. स्पिरिट घातलेल्या डबीत टाकावी. गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो. तो खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी लघवी लाल होते. असे दिसले की त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

पिसवा

पिसवेची अंडी कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत. ती गोणपाटावर नि धुळीत गळतात. तेथे अळी होते, अळीचा कोश होतो आणि कोशातून पिसू निघते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर पिसवा थोड्या, घरात त्यांची पिलावळ जास्त! म्हणून गोणपाट उकळत्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावे.

खाजवताना कुत्रा पिसू गिळतो. तिच्यातून त्याच्या पोटात चपटा जंत जातो. मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात.

लूत आणि नायटा

लुतीचा किडा डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीत बोगदा खणतो आणि तेथे अंडी घालतो. आधी कानाच्या कडा व कोपरे यांवरचे केस झडतात. मग खपल्या धरतात. अशा कुत्र्याला मुलांनी कवटाळले, तर त्यांच्याही अंगाला खाज सुटते. कुत्रा बरा झाला की बहुधा ही खाज थांबते. मांजराला अशीच लूत कानांवर व तोंडावर होते.

लूत एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते. आपल्या कुत्र्याला औषध दिले आणि त्याच्याजवळ निजणारा दुसरा तसाच ठेवला, तर लूत पुन्हा येणारच.

नायटा हा किडा नव्हे, ती बुरशी आहे. मांजराच्या पिलांना तो जास्त होतो. केस गळून गोल चकती पडते. पिलू मांडीवर घेणाऱ्या मुलालाही तशीच चकती उठते. त्या वेळी दोघांनाही औषध हवे: पिलाला जनावरांच्या डॉक्टरांचे, मुलाला माणसांच्या डॉक्टरांचे.

पोटातले जंत

कुत्रीच्या पिलांना पोटात असतानाच आईचे जंत लागतात. पिलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, पण अंग भरत नाही. जंतांची अंडी विष्ठेवाटे अंगणात पडतात आणि मातीत काही आठवड्यांनी मुरतात. मूल त्या मातीत खेळते आणि तोच हात तोंडात घालते. अंड्यातली अळी मुलाच्या अंगात फिरते. ती डोळ्यात गेली तर दृष्टी अधू होऊ शकते.

म्हणून पिलू दोन आठवड्यांचे झाले की डॉक्टरांना विचारून जंताचे औषध सुरू करावे. कुत्र्याची विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरावी. मुलांना साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

घरगुती उपाय की घरगुती घात?

एका वाडीवर आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याने आम्हांला विचारले, "गुरुजी, कपाशीवरच्या फवाऱ्याने मावा मरतो. मग गोचीड नाही का मरायची?" आम्ही म्हणालो, "मरेल बाबा, पण कुत्राही मरेल." त्यांना ते पटले. पण त्यांच्या शेजाऱ्याने तो फवारा आधीच चोळला होता. कुत्र्याने अंग चाटले. संध्याकाळी त्याच्या तोंडाला फेस आला आणि तो गेला. औषध चोळणाऱ्या पोरालाही उलट्या झाल्या. त्याला दवाखान्यात न्यावे लागले, म्हणून तो वाचला.

कुत्रा आणि मांजर अंग चाटतात. अंगाला लावलेले सारे त्यांच्या पोटात जाते. म्हणून जळके ऑइल, रॉकेल, फिनेल आणि पिकावरचे औषध लावू नये. पूर्वी बी. एच. सी. पावडर सर्रास वापरीत. तिच्यावर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली. कुत्र्याचे औषध मांजराला तर कधीच लावू नये. गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रीन असते. कुत्र्याला ते सोसते, पण मांजराचा जीव घेते. गुरांचे इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये. औषधाचे माप जनावराच्या वजनावर ठरते, आणि ते डॉक्टरांनाच ठाऊक.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जालच, तर पिसाळण्याविरुद्धची लसही टोचून घ्या. पहिली लस तीन महिन्यांच्या पिलाला देतात.

हे लक्षात ठेवा

१. जनावर आणि त्याची जागा, दोन्ही स्वच्छ करा.
२. सोबतच्या सर्व कुत्र्यांना एकदम औषध द्या.
३. खाज थांबली तरी औषध मध्येच सोडू नका.
४. जनावराला हात लावल्यावर हात धुवा.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते खाजवून सांगते. आपण ते ऐकले, तर जनावर सुखी राहील आणि आपली मुलेही सुखरूप राहतील.